मधला डाव

स्टेजच्या पायरीशी त्या माणसाने बूट काढले, एकमेकांना चिकटवून नीट ठेवले आणि काखेतली गादी सावरत तो वर चढला. साधी चौकोनी गादी, कडेने दोरीचा गोट. खेळाडूंसाठी मांडलेल्या उंच पाठीच्या चकचकीत खुर्चीवर त्याने ती टाकली, तान्ह्या मुलाला थोपटावं तशी थोपटली आणि मग तो बसला. पाय जमिनीला जेमतेम टेकले.

हॉलभर हशा पिकला.

वर काचेच्या खोलीत माइकसमोर बसलेल्या सुईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो माणूस तिचा बाप होता, आणि तिच्याखेरीज हे हॉलमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं.

सुई हे नाव प्रेक्षकांनी ठेवलेलं. सामन्यांचं वर्णन करताना ती असं नेमकं टोचून बोलायची की ज्याला लागायचं तोसुद्धा आधी हसायचा. आठवडाभर ती दातांच्या दवाखान्यात पेशंटांना आत सोडायची आणि रविवारी माइकवर बसायची. बापाचा धंदा सोफ्या-खुर्च्यांच्या गाद्या शिवायचा. घरात सुया खंडीभर. सरळ, वाकड्या, हातभर लांब. लेकीचं नवं नाव कानावर आलं तेव्हा तो खुशीत म्हणाला होता, "चला, आमच्याच डबीतली निघालीस!"

आज 'रणघंटा'च्या सातव्या भागाची शहर-फेरी होती. जो आज बोलून गाजवेल त्याला मोठ्या फायनलचा माइक मिळणार होता. निवड करणारे आयोजक, ज्यांना सगळे नुसते दादा म्हणत, तिच्या पाठीमागेच कानाला हेडफोन लावून उभे होते. शेजारी जोडीदार बसला होता, डॉक्टर. तो पेशाने चपलांच्या दुकानात होता, पण एकेका फटक्याची चिरफाड करून दाखवायचा म्हणून डॉक्टर.

सकाळी कार्यक्रमाची सुरुवात सुईनेच केली होती. 'रणघंटा'चा इतिहास सांगून. पहिला भाग लाकडी कपाटाएवढ्या यंत्रात आला, मूठभर लढवय्ये घेऊन. दुसऱ्यात मार अडवता येऊ लागला, तशी भांडणं वाढली. तिसरा भाग घरच्या टीव्हीत शिरला आणि आया वैतागल्या. पाचव्यात कंपनीने झाडूवालीला काढून टाकलं. लांब दांड्याचा झाडू घेऊन लढणारी ती जाडजूड बाई, सगळ्यात संथ, दिसायला साधी. तिच्यासाठी लोक रुसले. खेळ विकत घेतला आणि त्याचा खोका फोडलाच नाही, असे रुसले. सहाव्यात ती परत आली, तेव्हा तिचे केस पिकलेले होते.

"आणि म्हणूनच आपण आजही इथे आहोत," सुई म्हणाली होती. "बाकीच्या खेळांतले वीर जन्मभर तरणेताठे. 'रणघंटा'तली माणसं आपल्याबरोबर म्हातारी होतात. फक्त दोन गोष्टी बदलल्या नाहीत. एक ती घंटा, पहिल्या भागात वाजली तीच आजही वाजते. आणि दुसरी झाडूवालीची टिचकी. झाडू उलटा धरून दांड्याने नडगीवर मारायची, खेळातला सगळ्यात कमजोर मार. सात भाग झाले, मधे ती स्वतः गेली आणि परत आली, पण त्या टिचकीला कुणी हात लावलेला नाही."

टाळ्या पडल्या होत्या. डॉक्टर माइकवरच म्हणाला होता, "सुई, हे सगळं तुला शिकवलं कुणी?"

"कुणी नाही. माझं मीच."

ही थाप ती इतक्यांदा मारून चुकली होती, की मारताना आता जीभसुद्धा अडखळत नसे. खरं तर यातला शब्द न् शब्द बापाचा होता. गाद्या शिवताना, तोंडात दोरा धरून, ओठांच्या एका कडेने सांगितलेला.

तिच्या जन्माच्या आधी, गल्लीच्या टोकाला जिन्याखाली एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तीन यंत्रं, एक पंखा आणि टोकनांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली मालकीण. तिला सगळे मावशी म्हणत. बाप तिथे पहिल्यांदा गेला तो स्टुलांच्या गाद्या बदलायला. काम संपलं, पण येणं संपलं नाही. मावशीने जमिनीवर गालिचा घातला होता, त्यामुळे बूट बाहेर. स्टुलं कमी पडत, त्यामुळे आपापली गादी आपण आणायची. आणि एक मोठा नियम होता, तो मावशी जात्यावर बसल्यासारखी हेल काढून म्हणायची:

पहिला डाव माझा, बोटांच्या कसबाचा
दुसरा पाहुण्याचा, सोडून दे
तिसरा डाव खरा, दोघांच्या नशिबाचा
घरच्या माणसाला, सोडू नको

नवखा माणूस टोकन घालतो, दोन डाव सटासट हरतो आणि घोटभर पाणी पिण्याआधी उठतो. तो पुन्हा कशाला येईल? म्हणून ज्याने पहिला डाव जिंकला त्याने मधल्या डावात हात गुडघ्यावर ठेवायचे. समोरच्याला खेळू द्यायचं. तिसऱ्यात मात्र जीव तोडून. एवढ्याशा नियमावर ते दुकान तग धरून होतं. माणसं यायची ती जिंकायला नव्हे, मधल्या डावाला यायची.

घरच्याला मात्र मधला डाव नाही. मावशी म्हणायची, दया परक्याला, घरच्याला खरं काय ते.

सुई लहानपणी बापाशी खेळायची आणि तिन्हीत्रिकाळ हरायची. शेजारची पोरं आली की बाप त्यांना मधला डाव सोडायचा, तिला कधीच नाही. एकदा तिने रडून घर डोक्यावर घेतलं. "सगळ्यांना देतोस, मलाच का नाही?"

"तू काय पाहुणी आहेस का गं?" बाप म्हणाला होता, आणि पुढच्या डावात तिला पुन्हा झोडपलं होतं. त्या रात्री ती हरलेली, सुजलेल्या डोळ्यांची, आणि तरी कुठेतरी राणीसारखी झोपली होती.

आणि आता खाली स्टेजवर तोच माणूस, मोजे उघडे, बुडाखाली गादी. सकाळी घरातून निघताना नुसतं म्हणाला होता, "मलाही जरा काम आहे बाहेर." निवेदकाने 'गादीवाले' असं नाव पुकारलं तेव्हाच तिला कळलं, काय काम ते.

समोर बसला होता गोगलगाय. कॉलेजातला मुलगा, हात विजेसारखा चालायचा, म्हणून मित्रांनी चेष्टेने ठेवलेलं नाव. त्याने दोन सुऱ्यांची नाचरी निवडली, बापाने झाडूवाली.

घंटा वाजली.

नाचरी भिरभिरत आली. झाडूवाली जागची हलली नाही. आली ती सुरी तिने दांड्यावर घेतली, सुरी मागे सरली की नडगीवर टिचकी, पुन्हा उभी. पुन्हा सुरी, पुन्हा टिचकी. गोगलगाय चिडला, उंच उडाला, आणि झाडूवालीने अंगण झाडावं तसं त्याला एका फटकाऱ्यात हवेतून खाली घेतलं. हसणारा हॉल गप्प झाला. मग कुणीतरी शीळ घातली.

"बघा, बघा!" सुईचा आवाज तिला नकळत ओला झाला होता. "ती कुठे जातच नाही. घर तिचं आहे, येणाऱ्याने यावं!"

"सुई, म्हातारीवर जीव दिसतोय तुझा."

"म्हातारीवर सगळ्यांचाच असतो, डॉक्टर. फक्त कबूल कुणी करत नाही."

पहिला डाव बापाचा. टाळ्या पडल्या. सुई घोटभर पाणी प्यायली. आता सांगावं, असं तिला अगदी वाटून गेलं.

दुसरी घंटा वाजली आणि बापाने दोन्ही हात उचलून गुडघ्यांवर ठेवले.

झाडूवाली पडद्यावर नुसती उभी. छाती खालीवर होत होती तेवढीच. गोगलगाय आधी मागे सरला, त्याला डावपेच वाटला. मग त्याने वाकून पलीकडे पाहिलं. बाप त्याच्याकडे बघून हसला आणि मानेने म्हणाला, चालू दे तुझं. मुलाचा चेहरा लाल झाला. तो दातओठ खाऊन मारत सुटला.

"बटणांची पेटी बिघडली काय हो?" मागून कुणीतरी ओरडलं. पंच वाकून बापाशी बोलले. बापाने हसतच मान हलवली.

"सुई, हे काय?" डॉक्टर म्हणाला. "यांनी हात का काढले? तुला कळतंय का काही?"

तिला कळत होतं. सगळ्या हॉलमध्ये तिलाच. मावशीच्या ओळी जिभेच्या टोकावर येऊन उभ्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, तुला गं कसं ठाऊक? पाठीमागे दादांनी हेडफोन कानावर दाबून धरला होता. माइकवरची शांतता बाहेरच्या शांततेपेक्षा कितीतरी लांब असते. आणि जीभ, सवयीची जीभ, तिच्या आधी निघून गेली.

"काही नाही डॉक्टर, काकांना डुलकी लागली. गादी घरूनच आणलीये ना, उशी तेवढी विसरले!"

हॉल फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. डॉक्टरने टेबलावर थाप मारली. सुईने खाली पाहिलं.

बापाने मान वर केली होती. काचेच्या खोलीकडे नव्हे, भिंतीवरच्या कर्ण्याकडे. गर्दीत कुणीतरी ओळखीची हाक मारली की माणूस जसा बघतो, तसा. मग त्याने हात पुन्हा बटणांवर ठेवले.

तिसरा डाव त्याने जीव तोडून खेळला. अगदी थोडक्यात हरला. वयाने हरला, गोगलगायीच्या हातांनी हरला, की त्या कर्ण्यातून आलेल्या आवाजाने, हे सुईला पुढे कधीच कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

बापाने हात पुढे केला. गोगलगायीने तो घेतला नाही. "मला भीक नको होती, काका."

"भीक नव्हे रे बाळा. पाहुणचार होता."

स्टेजवरच्या माइकने ते टिपलं. डॉक्टर सुईकडे वळला. "पाहुणचार? म्हणजे काय म्हणायचं असेल यांना?"

दैवाने तिला दुसऱ्यांदा दार उघडून दिलं होतं. तिने ते आपल्या हाताने लोटलं.

"पुढचा सामना घेऊ या, डॉक्टर."

मधल्या सुट्टीत ती आणि डॉक्टर पाणी प्यायला बोळात आले, तर पाण्याच्या टाकीपाशी बाप उभा. एका हातात कागदी पेला, काखेत गादी. गोटाचा एक दोरा सुटून लोंबत होता. पळायला जागा नव्हती.

"काका, भारी खेळलात!" डॉक्टर म्हणाला. "आणि आमच्या सुईचं मनावर घेऊ नका हं. तिची जीभच तशी आहे, तिलाही कधी कधी लागते."

बापाने लेकीकडे पाहिलं. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. सगळं क्षणात समजून घेतलं त्याने. कापड हातात घेतलं की उलटी बाजू कुठली हे कळायचं त्याला, तसं.

"छे छे, मनावर कसलं! मॅडम छान बोलतात. आवाज लांबवर पोचतो." मग पेल्यात बघत म्हणाला, "घसा जपा, मॅडम. थंड पाणी पिऊ नका."

बाप तिला अहो-जाहो करत होता. तिच्यासाठी, तिची लाज राखायला.

"थँक यू, काका," सुई म्हणाली.

तो निघून गेला. लोंबता दोरा त्याच्या मागून फरशीवरून सरपटत गेला, आणि तिला वाटलं, वाकावं, तो उचलावा. ती वाकली नाही.

संध्याकाळी ती घरी आली ती चोरासारखी. बाहेरच्या खोलीत, जिथे दिवसा काम चालायचं, एक खुर्ची पोट फाडून ठेवली होती. स्पंजाचे तुकडे, चिंध्या. आई कापडावर खडूने आखत होती. तिने मान वर केली नाही.

"उशी हवी का गं कुणाला? आमच्याकडे ढीगभर आहेत."

सुई दारातच थांबली.

"वरच्या मजल्यावरच्या वहिनी मोबाइल घेऊन आल्या होत्या," आई म्हणाली. "म्हणे, बघा बघा, कसला गमतीचा माणूस. पोट धरून हसत होत्या बिचाऱ्या. मग चेहरा नीट बघितला आणि मोबाइल पदराखाली लपवायला लागल्या. माझ्यापेक्षा त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"आई, मला तसं..."

"टोचावं गं माणसाने. आमचा धंदाच तो. पण सुईत दोरा नसला ना, की नुसती भोकं पडत जातात. शिवलं काही जात नाही."

खिशात मोबाइल थरथरला. दादांचा निरोप: 'उशीवाला जोक जबरदस्त! फायनलला तूच.' इतके महिने ज्याची वाट पाहिली ते शब्द तिने वाचले, आणि मोबाइल पालथा करून चिंध्यांच्या ढिगावर ठेवला.

आतून बाप हात पुसत आला. "आलीस? जेवलीस का?"

"हो." जेवली नव्हती.

"खेळतेस एक?"

रोजच्यासारखंच विचारलं. तिला हायसं वाटलं. झालं ते झालं, आपल्या माणसात काय एवढं. बापाने आतल्या खोलीत टीव्ही लावला, दोन कंट्रोलर आणले. त्यांतला एक चांगला होता. दुसऱ्याचं एक बटण अडकायचं. चांगला नेहमी बाप घ्यायचा आणि अडका तिच्या मांडीवर टाकायचा. तिने बोंब मारली की म्हणायचा, घरच्याला सगळं चालतं.

आज त्याने चांगला तिच्यासमोर धरला.

"घे."

तिने घेतला. हातात तो परक्या घरातल्या पेल्यासारखा लागला.

"नीट बस ना. खाली काय बसतेस, खुर्ची घे," बाप म्हणाला.

ती खालीच बसली. घंटा वाजली. पहिला डाव बापाने जिंकला, अडक्या बटणानिशी. तिच्या नाचरीला झाडूवालीने नेहमीसारखंच झाडून काढलं, आणि मार खाता खाता सुईचा श्वास मोकळा होत गेला.

दुसरी घंटा वाजली.

बापाने कंट्रोलर बाजूला ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

सुईला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि पोटात कुणीतरी हातभर लांब सुई घालून दुसऱ्या बाजूने ओढली.

"बाबा."

"हं."

"हात बटणांवर ठेव ना."

"असू दे. तुझा डाव आहे."

"बाबा, मी काय पाहुणी आहे?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने गप्प बसला असता तर बरं होतं. शिव्या दिल्या असत्या तर तिने त्या फुलांसारख्या झेलल्या असत्या. पण त्याचा चेहरा मऊ होता. दुपारी गोगलगायीकडे बघताना होता, तितकाच मऊ. त्याने तिचा अपमान केलाच नव्हता. दुपारी तिने त्याला काका म्हटलं, आणि त्याने ते मान्य केलं होतं. एवढंच.

तिनेही कंट्रोलर मांडीवर ठेवला.

पडद्यावर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. नाचरी आणि झाडूवाली. कुणी कुणाला मारेना. दोघींच्या छात्या खालीवर होत होत्या. वरचं घड्याळ उतरत होतं. वेळ संपेपर्यंत कुणाचीच वरची जिवाची पट्टी कमी झाली नाही तर डाव कुणाचाच नाही. शेजारच्या खोलीत आईच्या कात्रीचा आवाज थांबला.

"मार ना," सुई म्हणाली. "बाबा, मार ना मला."

बाप पडद्याकडे बघत राहिला.

"लहानपणी एवढं रडायचे तरी नाही सोडलंस कधी. आता कसं सोडतोस?"

घड्याळ तांबडं झालं. शेवटचे आकडे पडू लागले. सुईच्या डोळ्यांपुढे दोघी लढवय्या एकमेकींत विरघळून गेल्या, त्यामुळे बापाचा अंगठा कधी उचलला गेला ते तिला दिसलं नाही. फक्त ऐकू आलं. टक्.

झाडूवालीने झाडू उलटा धरला होता, वाकली होती, आणि दांड्याने नाचरीच्या नडगीवर एक टिचकी मारली होती. नाचरीच्या पट्टीतून नखाएवढा तुकडा गेला. तेवढाच. त्याहून जास्त नाही.

घंटा वाजली. मधला डाव बापाने घेतला.

लांबवर पोचणारा तिचा आवाज शेजारच्या माणसापर्यंतसुद्धा पोचेना. तिने बोलून पाहिलं, नुसते ओठ हलले. बापाने ते पाहिलं की नाही कोण जाणे. तो खाकरला, हात लांब करून तिच्या मांडीवरचा चांगला कंट्रोलर त्याने उचलून घेतला, आणि अडक्या बटणाचा तिच्याकडे टाकला.

"दे तो इकडे," तो म्हणाला. "माझा आहे."